वर्डचा मॅक्रो चुकला तर त्याला गप्प बसू देऊ नका: एरर हाताळायची पायरीपायरीने पद्धत

ऑगस्ट उतरणीला लागला की ठाण्यात सोसायट्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसांमध्ये एकच धावपळ असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदाच्या हातात पडायला हवी. नौपाड्यातल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात त्या दिवसांत घोडबंदर रोडपासून कोपरीपर्यंतच्या सोसायट्यांच्या नोटिसा निघतात. प्रत्येक सभासदाचं नाव वेगळं, फ्लॅट वेगळा, थकबाकी वेगळी. हाताने करायचं तर रात्री जागवाव्या लागतील, म्हणून वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला.

एका वर्षी एका सोसायटीच्या ४८ नोटिसा त्या मॅक्रोने काढल्या. दोन मिनिटांत काम संपलं, स्क्रीनवर एकही एरर आला नाही, गठ्ठा रवाना झाला. दुसऱ्या दिवशी खजिनदारांचा फोन आला. "ताई, सगळ्यांची थकबाकी सारखीच कशी हो? एकशे एकवाल्यांची रक्कम प्रत्येकाच्या नोटिशीवर आलीये." नावं बरोबर होती, फ्लॅट बरोबर होते, रक्कम मात्र सगळीकडे पहिल्या फ्लॅटची. ज्यांनी वर्षानुवर्षं एक रुपया बाकी ठेवला नाही, त्यांच्या दारातही थकबाकीची नोटीस गेली होती. त्यातल्या एक आजी रात्रभर झोपल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. ते अजून मनातून जात नाही.

दोष एका ओळीचा होता. मॅक्रोच्या अगदी वर मी लिहिलं होतं: ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे एरर आला तर काही न बोलता पुढच्या ओळीवर जा. ४७ वेळा एरर आला आणि ४७ वेळा वर्ड माझ्या सांगण्यावरून गप्प राहिला. थांबलेला मॅक्रो वेळ खातो, पण गप्प राहून पुढे गेलेला मॅक्रो खोटे कागद छापतो. खाली लिहिलेली सगळी पद्धत त्या अनुभवानंतर बसवलेली आहे.

मॅक्रोतल्या आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. एडिटरमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. स्पेलिंग आठवलं नाही तर पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून कंट्रोल आणि स्पेसबार दाबा, यादी समोर येते.

आधी एडिटर नीट लावून घ्या

ऑल्ट आणि एफ ११ दाबून व्हिज्युअल बेसिकचा एडिटर उघडा. टूल्स मेनूमध्ये ऑप्शन्स. तिथे एडिटर टॅबवर 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन' या चौकोनात खूण करा. यामुळे यापुढच्या प्रत्येक नव्या मॉड्यूलच्या (मॅक्रो लिहायच्या पानाच्या) डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' आपोआप येतं. जुन्या मॉड्यूलमध्ये ते येत नाही, तिथे हाताने लिहा. ही ओळ नसेल तर व्हेरिएबलच्या (किंमत ठेवायला नाव दिलेल्या जागेच्या) नावात एक अक्षर चुकलं की वर्ड त्या चुकलेल्या नावाचं नवं, रिकामं व्हेरिएबल तयार करतो आणि पुढे जातो. थकबाकीच्या जागी कोरी जागा छापली जाते, एरर मात्र नाही.

त्याच खिडकीत जनरल टॅबवर 'एरर ट्रॅपिंग' नावाचा भाग आहे. रोजच्या कामाला 'ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्स' निवडा. 'ब्रेक ऑन ऑल एरर्स' निवडलेलं असेल तर तुम्ही लिहिलेली एरर हाताळणी वर्ड जुमानत नाही, प्रत्येक एररवर थांबतोच. "ऑन एरर लिहूनही मॅक्रो थांबतोय" अशी कुणाची तक्रार आली की मी आधी हेच बघते. आणि जुन्या मॅक्रोत नेमकं कुठे काय गिळलं जातंय हे शोधायचं असेल, तर हीच सेटिंग तात्पुरती चालू करायची: दडलेले सगळे एरर एकेक करून वर येतात. माझ्या ४८ नोटिसांचं कोडं तसंच सुटलं.

शेवटी डीबग मेनूतून कंपाइल एकदा चालवा. मॅक्रो न चालवताच बरेचसे ढोबळ दोष तिथे सापडतात.

ऑन एररची तीन रूपं

पहिलं रूप 'ऑन एरर गोटू' आणि पुढे एका खुणेचं नाव. एरर आला की मॅक्रो उडी मारून त्या खुणेपाशी जातो. नेहमीच्या कामाला हेच.

दुसरं 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. हे पूर्ण वाईट नाही. एखाद-दुसऱ्या ओळीपुरतं, मुद्दाम, आणि लगेच 'एर.नंबर' (शेवटच्या एररचा क्रमांक, एरर नसेल तर शून्य) तपासायचा असेल तर ते उपयोगी आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एरर आलेली ओळ पूर्ण होत नाही, म्हणून त्या ओळीत ज्या व्हेरिएबलमध्ये नवी किंमत यायची होती, त्यात जुनीच किंमत राहते. लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी प्रत्येक सभासदासाठी पुन्हा पुन्हा चालतात तिथे, याचा अर्थ सरळ आहे: आधीच्या सभासदाचा आकडा पुढच्याच्या नावावर चढतो.

तिसरं 'ऑन एरर गोटू ०'. आधी दिलेली सूचना रद्द करून वर्डला पुन्हा नेहमीसारखं थांबायला सांगणारं. रिझ्यूम नेक्स्ट वापरलंत तर दोन-चार ओळींत हे यायलाच हवं. नाही तर ती सूचना त्या प्रोसिजरच्या, म्हणजे 'सब'पासून 'एंड सब'पर्यंतच्या तुकड्याच्या, शेवटापर्यंत लागू राहते.

मॅक्रो रेकॉर्डरने केलेल्या मॅक्रोत यातलं काहीच नसतं. रेकॉर्डर फक्त तुम्ही केलेल्या कृती टिपतो, तेव्हा ही सगळी भर तुम्हालाच घालायची आहे.

सांगाडा

प्रत्येक मॅक्रोला मी हाच सांगाडा वापरते. 'चूक' आणि 'आवर' ही खुणांची नावं माझी आहेत; ही आणि व्हेरिएबलची नावंही एडिटरमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

सब नोटिसाकाढा()
डिम डॉक ॲज डॉक्युमेंट
डिम क्र ॲज लाँग, मजकूर ॲज स्ट्रिंग, पायरी ॲज स्ट्रिंग
ऑन एरर गोटू चूक
ॲप्लिकेशन.स्क्रीनअपडेटिंग = फॉल्स
' खरं काम इथे
आवर:
ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट
ॲप्लिकेशन.स्क्रीनअपडेटिंग = ट्रू
ॲप्लिकेशन.डिस्प्लेअलर्ट्स = डब्ल्यूडीअलर्ट्सऑल
इफ नॉट डॉक इज नथिंग देन डॉक.क्लोज डब्ल्यूडीडूनॉटसेव्हचेंजेस
ऑन एरर गोटू ०
इफ क्र <> ० देन एमएसजीबॉक्स पायरी & ": " & क्र & " " & मजकूर
एक्झिट सब
चूक:
क्र = एर.नंबर
मजकूर = एर.डिस्क्रिप्शन
रिझ्यूम आवर
एंड सब

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या ठेचेनंतर आलेली आहे.

'चूक'च्या आत सगळ्यात आधी नंबर आणि वर्णन आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. कारण 'रिझ्यूम' म्हटलं किंवा कुठलीही नवी 'ऑन एरर' ओळ आली की एरची माहिती पुसली जाते. आवराआवर आधी आणि नोंद नंतर असं केलंत तर हातात शून्य राहतं.

'एक्झिट सब' विसरलात तर सगळं सुरळीत झाल्यावरही मॅक्रो घसरत 'चूक'मध्ये शिरतो. तिथे त्याला रिझ्यूम सापडतं, पण एरर तर आलेलाच नसतो, म्हणून एरर २० येतो.

'रिझ्यूम आवर'च्या जागी 'गोटू आवर' लिहिलं तरी वरवर तेच घडल्यासारखं दिसतं. पण गोटूने गेलात तर वर्डच्या लेखी तुम्ही अजून एरर हाताळण्यातच आहात, आणि त्या अवस्थेत दुसरा एरर आला तर तो या प्रोसिजरमध्ये पकडला जात नाही. रिझ्यूममुळे ती अवस्था संपते. नुसतं 'रिझ्यूम' म्हणजे तीच ओळ पुन्हा चालव. कारण दूर केलेलं नसेल तर मॅक्रो त्याच ओळीवर फिरत राहतो आणि कंट्रोल-ब्रेक दाबून थांबवावा लागतो.

डिस्प्लेअलर्ट्स परत चालू करणं आवराआवरीत हवंच. मॅक्रो संपला तरी वर्ड हे स्वतःहून पूर्ववत करत नाही. ते बंद राहिलं तर त्यानंतर हाताने काम करतानाही वर्डच्या सूचना येत नाहीत. ट्रॅक चेंजेस बंद केलं असेल तर तेही इथेच पूर्ववत करा. त्यासाठी ते सुरुवातीला चालू होतं की नव्हतं, हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. आपण बंद केलं म्हणून आंधळेपणाने चालू करायचं नाही.

आणि 'पायरी'. एर.डिस्क्रिप्शन काय बिघडलं ते सांगतं, कुठे ते सांगत नाही. ओळींना क्रमांक देऊन 'एर्ल'ने ओळ शोधता येते, पण मला त्यापेक्षा हे साधं वाटतं: प्रत्येक टप्प्याआधी पायरी या व्हेरिएबलमध्ये रोमन लिपीत दोन शब्द टाकायचे. यादी उघडणे. रक्कम वाचणे. नोटीस सेव्ह करणे. एरर आला की शेवटची पायरी संदेशात येते, आणि ऑफिसातल्या मुलीला फोनवर मला तेवढंच सांगावं लागतं.

एका फ्लॅटची चूक एका फ्लॅटपुरती

वरच्या सांगाड्यात एक उणीव आहे. १७ व्या फ्लॅटला एरर आला तर पुढचे ३१ राहतात. त्यासाठी काम दोन भागांत वाटा. एक नोटीस काढायचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. त्याची स्वतःची एरर हाताळणी असू द्या आणि ते फक्त झालं की नाही एवढं सांगेल, ट्रू किंवा फॉल्स. मुख्य मॅक्रो लूपमध्ये त्याला बोलावतो, झालेल्या आणि राहिलेल्या नोटिसा मोजतो आणि राहिलेल्यांची नोंद ठेवतो.

त्या आतल्या फंक्शनला स्वतःची हाताळणी दिली नाहीत तर त्यातला एरर वर चढून मुख्य मॅक्रोच्या हाताळणीकडे जातो. तिथे रिझ्यूम नेक्स्ट असेल, तर काम बोलावणाऱ्या ओळीच्या पुढून सुरू होतं आणि फंक्शनमधलं उरलेलं सगळं गळतं. अर्धवट भरलेली नोटीस उघडीच राहते.

काही चुका वर्डला चुका वाटतच नाहीत, त्या तुम्हाला स्वतः उभ्या कराव्या लागतात. त्यासाठी 'एर.रेझ' आहे. क्रमांक म्हणून व्हीबीऑब्जेक्टएरर अधिक ५१३ आणि पुढे वाढत जाणारे वापरा, म्हणजे वर्डच्या क्रमांकांशी गोंधळ होत नाही. थकबाकीचा रकाना रिकामा असेल तर मी शून्य धरत नाही, एरर उभा करते. रिकामा म्हणजे बाकी नाही असंही असेल, किंवा हिशेबनीसाने तो भरायचा राहिला असेल. ते मॅक्रोने ठरवायचं नाही.

शेवटी येणारा संदेश असा हवा: एकूण ४८, झाल्या ४५, राहिल्या ३. झाल्या अधिक राहिल्या बरोबर एकूण, हेही मॅक्रोलाच तपासायला लावा. बेरीज जुळली नाही तर छपाई नाही.

नोटिसांच्या कामात भेटणारे एरर

५९४१: मागितलेली वस्तू त्या संग्रहात नाही. बुकमार्क (मजकुरातल्या एखाद्या जागेला दिलेलं नाव) नाही, तेवढी टेबलं नाहीत, त्या नावाची स्टाइल नाही. माझ्या ४८ नोटिसांमागे हाच होता. कारण नीट समजून घ्या, कारण हे भल्याभल्यांना माहीत नसतं. बुकमार्क एखाद्या मजकुराभोवती असेल आणि तुम्ही त्याच्या रेंजच्या (त्याने व्यापलेल्या भागाच्या) टेक्स्टमध्ये नवा मजकूर भरलात, तर मजकूर बदलतो आणि बुकमार्क नाहीसा होतो. पहिल्या फ्लॅटला सगळं छान. तीच फाइल नव्या नावाने सेव्ह करून दुसरा फ्लॅट भरायला गेलात की बुकमार्क नाही, ५९४१, आणि रिझ्यूम नेक्स्ट असेल तर पहिल्याची रक्कम तशीच.

उपाय तीन ओळींचा. आधी बुकमार्कची रेंज एका व्हेरिएबलमध्ये घ्या. त्या रेंजमध्ये मजकूर भरा. मग 'डॉक.बुकमार्क्स.ॲड'ने त्याच नावाचा बुकमार्क त्याच रेंजवर पुन्हा लावा. नावाच्या बुकमार्कला मी हे केलं होतं. थकबाकीचा बुकमार्क नंतर घाईत वाढवला, त्याला करायचं राहिलं. म्हणून नावं बरोबर आणि रकमा चूक. आता मी आणखी पुढे जाते: प्रत्येक फ्लॅटसाठी 'डॉक्युमेंट्स.ॲड'ने टेम्प्लेटवरून नवी कोरी फाइल घेते. आणि भरण्याआधी 'बुकमार्क्स.एक्झिस्ट्स' विचारते. जे आधी विचारता येतं, त्यासाठी एररची वाट बघू नये.

१३: टाइप मिसमॅच, म्हणजे आकडा हवा तिथे मजकूर आला. वर्डच्या टेबलातून रक्कम वाचणाऱ्या प्रत्येकाला हा पहिल्याच दिवशी भेटतो. सेलच्या मजकुराच्या शेवटी वर्डची स्वतःची खूण असते, दोन अक्षरांची: कॅरॅक्टर १३ आणि कॅरॅक्टर ७. डोळ्यांना १२,५०० दिसतं, मॅक्रोला त्यापुढे दोन अदृश्य अक्षरं मिळतात. म्हणून लेफ्ट वापरून शेवटची दोन अक्षरं कापा, ट्रिम करा, मग आकड्यात बदला. याच खुणेमुळे रिकाम्या सेलची लांबीही शून्य नसते, दोन असते. 'सेल रिकामा असेल तर' ही अट कधीच लागू होत नसेल तर कारण हेच.

६: ओव्हरफ्लो. व्हेरिएबल इंटिजर धरलं तर त्याची मर्यादा ३२,७६७. मोठ्या कॉम्प्लेक्समधली वर्षभराची थकबाकी ती सहज ओलांडते. पैशासाठी करन्सी हाच प्रकार वापरा, त्यात दशांशाचे चार अंक नेमके राहतात.

५९९१: टेबलात उभे जोडलेले सेल आहेत, म्हणून एकेक रो हाताळता येत नाही. यादी करणाऱ्याने एकाच विंगचे सेल जोडून मध्ये 'ए विंग' लिहिलेलं असतं, दिसायला सुंदर. रोऐवजी 'टेबल.सेल' असा रांग-रकाना देऊन वाचलं तर काम होतं, पण जोडलेल्या जागी सेल नसला की पुन्हा ५९४१. मी सरळ यादी करणाऱ्यालाच सांगते: सेल जोडू नका, प्रत्येक ओळीत विंग लिहा.

५१५२: फाइलचं नाव चालत नाही. फ्लॅट क्रमांक 'बी/१०४' आणि फाइलचं नाव फ्लॅटवरून. तिरपी रेघ नावात चालत नाही. रिप्लेसने तिचा डॅश करा. तारखेतल्या तिरप्या रेघांचंही तेच.

४२४८: एकही डॉक्युमेंट उघडं नाही. हा सहसा 'ॲक्टिव्हडॉक्युमेंट'वर विसंबल्याचा परिणाम असतो. दोन फाइली उघड्या असताना तर तो एररही देत नाही, समोर असलेल्या भलत्याच फाइलवर काम करतो. उघडताना किंवा नवी करताना 'सेट डॉक =' असं म्हणून तीच धरून ठेवा आणि पुढे सगळीकडे डॉकच वापरा. सेट म्हणायला विसरलात तर ९१.

४६०५ म्हणजे ही कृती या घडीला करता येत नाही. डॉक्युमेंट संरक्षित आहे किंवा सिलेक्शन भलत्या ठिकाणी आहे, असं काही. कारणं बरीच असल्याने इथे वर्णन पूर्ण वाचा. ५८२५ म्हणजे जी वस्तू वापरताय ती पुसली गेली आहे, बहुधा बंद केलेली फाइल.

एरर न देणाऱ्या चुका

या मला जास्त भीतीदायक वाटतात, कारण ऑन एरर त्यांना पकडूच शकत नाही.

फाइंड. शोधलेला शब्द सापडला नाही तर एरर येत नाही, 'एक्झिक्यूट' फक्त फॉल्स सांगतं. आणि रेंज होती तशी राहते. समजा रेंज म्हणजे पूर्ण डॉक्युमेंट होतं, त्यात 'मसुदा' शब्द शोधून तो पुसायचा होता, आणि तो सापडलाच नाही. तपासल्याशिवाय पुढच्या ओळीत रेंजचं टेक्स्ट रिकामं केलंत तर अख्खं डॉक्युमेंट रिकामं होतं. म्हणून नेहमी 'इफ रेंज.फाइंड.एक्झिक्यूट देन', आणि पुसायचं ते त्याच्या आत.

व्हॅल. आकड्यात बदलायला सोपं म्हणून बरेच जण वापरतात. पण स्वल्पविराम दिसला की व्हॅल थांबतं. १२,५०० ची थकबाकी १२ रुपये होते, आणि मॅक्रो समाधानाने पुढे जातो. त्याऐवजी 'सीकर' (सी-सी-यू-आर) वापरा. त्याला स्वल्पविराम समजतो, आणि 'निरंक' असं काही आलं तर ते १३ देऊन थांबतं. ते थांबणं आपल्याला हवंच आहे. यादीत देवनागरी आकडे असतील तर ते कसे वाचले जातील यावर भरवसा न ठेवता आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या: 'सीएचआरडब्ल्यू' २४०६ म्हणजे देवनागरी शून्य, तिथून २४१५ पर्यंत नऊ. दहा वेळा रिप्लेस, झालं.

इनपुटबॉक्समध्ये कॅन्सल दाबलं तर रिकामी स्ट्रिंग येते. फाइल निवडायच्या खिडकीचं 'शो' कॅन्सल केल्यावर ० देतं, ओके केल्यावर उणे १. दोन्ही ठिकाणी विचारूनच पुढे जा. फाइल उघडल्यावर 'डॉक.रीडओन्ली' बघा. शेजारच्या टेबलावर तीच फाइल उघडी असेल तर तुमचे बदल तिच्यात जाणार नाहीत.

मराठी संदेश आणि प्रश्नचिन्हं

मराठीत काम करणाऱ्यांची ही वेगळीच अडचण. वर्ड मराठी उत्तम लिहितो, पण त्याचा मॅक्रो एडिटर देवनागरी सांभाळत नाही. अवतरणचिन्हांत मराठी टाकलंत की तिथे प्रश्नचिन्हं दिसतात. एमएसजीबॉक्सही (संदेशाची छोटी खिडकी) मराठी मजकुराची प्रश्नचिन्हंच करतो, मग तो सीएचआरडब्ल्यूने जोडलेला का असेना. 'ओपन'ने टेक्स्ट फाइल उघडून 'प्रिंट'ने नोंद लिहिलीत तरी तेच. आणि 'डिर'ला मराठी नावाची फाइल ओळखता येत नाही. त्यासाठी फाइलसिस्टिमऑब्जेक्टचं 'फाइलएक्झिस्ट्स' वापरा, त्याला देवनागरी नाव कळतं.

मी तडजोड अशी केली आहे. एमएसजीबॉक्समधला छोटा संदेश रोमन लिपीतल्या मराठीत. सविस्तर नोंद मात्र एका वर्ड डॉक्युमेंटमध्येच, टेबल करून: वेळ, फ्लॅट, सभासदाचं नाव, पायरी, क्रमांक, वर्णन. नाव यादीतून येतं, ते एडिटरमधून जात नाही, म्हणून मराठीत नीट उमटतं. नेहमीचे मराठी संदेशही मी टेम्प्लेटच्या शेजारी एका वर्ड फाइलच्या टेबलात ठेवले आहेत, मॅक्रो क्रमांकावरून त्यातला मजकूर उचलतो. मराठी संदेश स्क्रीनवरच हवा असेल तर युजरफॉर्मवरचं लेबल तो दाखवू शकतं.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना हा त्रास नाही. तिथल्या बेसिक एडिटरमध्ये देवनागरी सरळ लिहिता येतं आणि संदेशातही दिसतं. ऑन एरर गोटू, रिझ्यूम नेक्स्ट, एर, एर्ल ही मंडळी तिथेही आहेत. डॉक्युमेंटची रचना वेगळी असल्याने वर्डचे चार आकडी क्रमांक मात्र तिथे भेटत नाहीत. बुकमार्क आहे का हे 'हॅजबायनेम'ने विचारायचं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर

इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. हे योग्यच झालं. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. तेव्हा तुम्ही ईमेलने पाठवलेला मॅक्रो समोरच्याकडे चालला नाही तर तुमची एरर हाताळणी तपासत बसू नका, तिथवर गोष्ट पोचलेलीच नसते. फाइल कुणाकडून आली याची खात्री असेल तरच तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. 'एनेबल ऑल मॅक्रोज' कुणालाही सुचवू नका. फाइल डॉकएक्स म्हणून सेव्ह केली असेल तर मॅक्रो त्यात नसतोच, डॉकएम किंवा डॉटएम हवी.

एकाच मोठ्या डॉक्युमेंटमध्ये बदल करणारा मॅक्रो असेल, उदाहरणार्थ सभेच्या इतिवृत्ताची मांडणी, तर सुरुवातीला 'ॲप्लिकेशन.अनडूरेकॉर्ड.स्टार्टकस्टमरेकॉर्ड' आणि आवराआवरीत 'एंडकस्टमरेकॉर्ड' घाला. वर्ड २०१० पासून ही सोय आहे. काही बिनसलं तर एकदा कंट्रोल-झेड दाबून मॅक्रोचे सगळे बदल मागे घेता येतात.

बिघडवून बघा

मॅक्रो बरोबर यादीवर चालतो हे बघणं पुरेसं नाही. मी दहा सभासदांची एक खोटी यादी ठेवली आहे, मुद्दाम बिघडवलेली. दुसऱ्या ओळीत रक्कम रिकामी. चौथीत 'निरंक'. पाचवीत ४०,००० च्या वरची रक्कम, इंटिजर राहिला असेल तर कळावं म्हणून. सातवीत 'सी/७०२'. नववीत देवनागरी आकडे. ती एकदा तशीच चालवते. मग टेम्प्लेटच्या प्रतीतून थकबाकीचा बुकमार्क काढून, आणि मग दहाव्या सभासदाची नोटीस आधीच उघडी ठेवून. जिथे नैसर्गिक एरर आणता येत नाही तिथे खऱ्या कामाच्या मध्ये 'एर.रेझ ५९४१' अशी ओळ तात्पुरती टाकते आणि एफ ८ ने एकेक ओळ पुढे सरकत बघते: 'चूक'मध्ये जातोय का, 'आवर'मध्ये परत येतोय का, स्क्रीन आणि सूचना पूर्ववत होतायत का.

पहिल्या फेरीत उत्तर ठरलेलं आहे: एकूण १०, झाल्या ८, राहिल्या २, दुसरी आणि चौथी. बुकमार्क काढलेल्या फेरीत झाल्या ०, राहिल्या १०. ती 'झाल्या ८' म्हणाली, तर मॅक्रोत कुठेतरी रिझ्यूम नेक्स्ट उघडं राहिलेलं आहे. मग कंट्रोल-एफने ते शब्द शोधायचे आणि प्रत्येकाखाली दोन-चार ओळींत 'गोटू ०' आहे का ते बघायचं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ही यादी चालवल्याशिवाय आमच्याकडे खऱ्या सोसायटीची एकही नोटीस प्रिंटरकडे जात नाही. आणि प्रिंट निघाल्यावरही गठ्ठ्यातल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नोटिशीवरची रक्कम मी स्वतः यादीशी ताडून बघते.